लाल की हिरवं? गाडीतल्या कूलंटची गोष्ट

रोजच्या वापरातली एखादी साधी वस्तू घ्यायची आणि तिचा इतिहास उलगडायचा, हे आपलं नेहमीचं काम. आज बॉनेट उघडू या.

जुनी गाडी सर्व्हिसिंगला टाकली की गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, कूलंट लाल टाकू की हिरवं?" आपलंही उत्तर ठरलेलं असतं, "जे आधी होतं तेच टाक." उत्तर चुकीचं नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या गाडीत आधी काय होतं, हे माहीत कुणाला असतं? पहिल्या मालकाने कंपनीचं टाकलेलं, दुसऱ्याने पेट्रोल पंपावरून घेतलेलं, मध्येच कुणीतरी ढाब्यावर नळाचं पाणी ओतलेलं. माझी गाडी २००८ सालची आणि मी तिचा तिसरा मालक. पेशाने मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे अशा प्रकाराला लेगसी सिस्टिम म्हणतात. म्हणजे चालतंय सगळं, पण आत काय आहे ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. अशा वेळी हात घालण्याआधी आम्ही जुनी हिस्टरी काढून वाचतो. आज तेच करू. लाल-हिरव्याचं उत्तर त्या इतिहासातच आहे.

आधी नुसतं पाणी होतं

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा निघणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच कामाला येते. तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या अंगात मुरते. ती बाहेर काढली नाही तर पिस्टन जागेवर जाम होतो. म्हणजे गाडी तापणं हा काही अपघात नाही, तो इंजिनाचा स्वभावच आहे. इंजिन थंड ठेवायची सोय पहिल्या दिवसापासून करावीच लागली.

कार्ल बेंझने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवती पाणी, ते उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. आपला माठ ज्या तत्त्वावर पाणी गार करतो, तेच हे तत्त्व, फक्त उकळत्या पाण्याचं. अडचण एवढीच की पाणी सतत भरावं लागे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टझहाइमला निघाली. अंतर साधारण १०० किलोमीटर. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो ओळखला जातो. इंधन तिने वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं, हे पुष्कळांना माहीत असतं. पण इंजिनाची तहान भागवायला तिला जागोजागी थांबून पाणीही भरावं लागलं होतं.

पाणी उडून जाऊ न देता तेच तेच फिरवायचं असेल तर ते गार करणारं काहीतरी हवं. ते नीट जमवलं विल्हेल्म मायबाखने. १९०१ च्या ३५ हॉर्सपॉवरच्या मर्सिडीजमध्ये त्याचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. एवढ्याशा जागेत हवेला आणि पाण्याला भेटायला प्रचंड पृष्ठभाग मिळाला आणि थोड्या पाण्यात काम भागू लागलं. आज तुमच्या गाडीच्या जाळीमागे जो रेडिएटर दिसतो, तो याच घराण्यातला.

थंडीची भानगड

मुंबई-पुण्याच्या माणसाला रेडिएटरमधलं पाणी गोठेल असं स्वप्नातही वाटत नाही. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका इथे मात्र हा दर हिवाळ्याचा जीवघेणा प्रश्न होता. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बंद लोखंडी खोक्यात ते फुगलं की पाणी हार मानत नाही, लोखंडच तडकतं. रात्री गाडी बाहेर राहिली आणि सकाळी इंजिन ब्लॉकला चीर, असं सर्रास व्हायचं. म्हणून लोक रात्री रेडिएटर रिकामा करायचे आणि सकाळी परत भरायचे.

मग पाण्यात काही ना काही मिसळायचे प्रयोग सुरू झाले. अल्कोहोल स्वस्त होतं, पण ते लवकर उडून जायचं. कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार टाकले तर पाणी गोठायचं नाही, पण धातू गंजून जायचे. ग्लिसरीन महाग आणि दाट. म्हणजे थंडीपासून सुटका झाली की गंज, गंजापासून सुटका झाली की खर्च.

या सगळ्यावरचं उत्तर तोवर निम्म्याहून जास्त शतक प्रयोगशाळेत पडून होतं. १८५६ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अडॉल्फ वुर्ट्झ याने एक नवं द्रव्य तयार केलं. त्याचे गुण ग्लिसरीन आणि अल्कोहोल यांच्या मधले होते, म्हणून त्याने दोन्ही नावं जोडून त्याला 'ग्लायकॉल' म्हटलं. हेच आपलं एथिलीन ग्लायकॉल. रंग नाही, वास जवळजवळ नाही, चवीला गोड. ही गोड चव लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे यायचं आहे.

मोठ्या प्रमाणावर ते बनू लागलं १९२५ मध्ये, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या साउथ चार्ल्सटनमध्ये. कंपनीचं नाव युनियन कार्बाइड. हो, तीच, जिच्या भारतीय उपकंपनीचा कारखाना १९८४ नंतर भोपाळमुळे साऱ्या जगाला माहीत झाला. १९२७ मध्ये 'प्रेस्टोन' या नावाने हे अँटीफ्रीझ बाजारात आलं. जर्मनीत बीएएसएफने १९२९ मध्ये 'ग्लायसँटिन'चं पेटंट मिळवलं.

यातला एक चमत्कार मला फार आवडतो. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशाच्या आसपास गोठतं, पाणी शून्याला. पण दोन्ही निम्मं निम्मं मिसळलं तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही! दोन्ही रेणू एकमेकांच्या रांगा लागू देत नाहीत, म्हणून स्फटिकच जमत नाही. "जितकं जास्त घट्ट तितकं चांगलं" म्हणून निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओतणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

विमानाने शिकवलेला धडा

ग्लायकॉलचा दुसरा गुण म्हणजे ते १९७ अंशाला उकळतं. विमानवाल्यांनी हे हेरलं. कूलंट जास्त गरम राहू शकत असेल तर रेडिएटर छोटा चालतो, आणि रेडिएटर छोटा तर हवेचा अडथळा कमी. म्हणून १९३० च्या दशकात रोल्स-रॉइसने मर्लिन इंजिनात आधी निव्वळ ग्लायकॉल वापरलं. हेच इंजिन पुढे स्पिटफायर विमानात बसलं.

पण उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉल पाण्याच्या निम्म्याहून थोडंसंच पुढे आहे. एक किलो पाणी एक अंश तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, ग्लायकॉलला साधारण २.४. शिवाय ते सांध्यांतून झिरपायचं आणि पेटायचीही भीती. मग इंजिनिअर परत पाण्याकडे वळले, पण शहाणे होऊन. ७० टक्के पाणी, ३० टक्के ग्लायकॉल आणि सगळं दाबाखाली बंद. प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० अंशांवर जाऊनही उकळत नाही, तीच ही युक्ती.

तुमच्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण म्हणजे त्या कुकरची शिट्टी. आता आकडे बघा. निम्म्या ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू १०० वरून १०७ पर्यंत जातो, म्हणजे सात अंशांचा फायदा. ०.९ बारच्या साध्या झाकणामुळे साधं पाणीही ११९-१२० पर्यंत उकळत नाही, म्हणजे जवळजवळ वीस अंश. महागडा कूलंट घ्यायला निघालेल्या माणसाच्या गाडीवर पंधरा वर्षांचं, रबर कडक झालेलं झाकण असतं. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू ती. आधी ती बदला.

मग आपल्याकडे कूलंट हवं कशाला?

आपल्याकडे गोठत नाही, उष्णता पाणी जास्त चांगली वाहतं, उकळू नये म्हणून झाकण आहे. मग पाणीच का नको? प्रश्न रास्त आहे, आणि आपल्याकडे कित्येक वर्षं उत्तर 'पाणीच' असंच होतं. अँबॅसिडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी यांनी बहुतेक आयुष्य पाण्यावर काढलं. एक्सप्रेसवे होण्याआधी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, झाकणावर ओलं फडकं टाकून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचं दृश्य. तुमच्या आई-बाबांना विचारा, डिकीतल्या पाण्याच्या कॅनची आठवण निघेलच. रेडिएटर गळायला लागला तर त्यात हळद टाकायची, हा तर ट्रक ड्रायव्हरांचा घरगुती इलाज. हळद फुगून छिद्रात बसते आणि गळती थांबते. काही दिवस. मग तीच हळद बारीक नळ्यांतही बसते.

पाण्याचा खरा गुन्हा उकळणं नाही, गंज आहे. इंजिनात ओतीव लोखंड, ॲल्युमिनियम, जुन्या रेडिएटरमध्ये तांबं-पितळ आणि डाग दिलेलं शिसं, असे तीन-चार धातू एकाच पाण्यात भिजत असतात. वेगवेगळे धातू आणि मध्ये क्षारयुक्त पाणी म्हणजे काय? दहावीच्या विज्ञानातला विद्युत घट! तुमच्या इंजिनात एक बॅटरी तयार होते आणि त्यात सर्वांत आधी ॲल्युमिनियम विरघळायला लागतं. जुन्या इंजिनात जाड लोखंडच जास्त होतं, म्हणून ते सोसत राहिलं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू ॲल्युमिनियमची हलकी इंजिनं घरोघरी पोचली. त्यांना 'नळाचं चालतंय' हे चालत नाही.

म्हणजे आपल्या हवेत कूलंट विकत घ्यायचं ते ग्लायकॉलसाठी कमी आणि त्यातल्या पाच-सात टक्के गंजरोधक द्रव्यांसाठी जास्त. लाल-हिरव्याचं सगळं भांडण या पाच-सात टक्क्यांवरून आहे.

रंगामागचं रसायन

जुना प्रकार म्हणजे सिलिकेट, फॉस्फेट यांसारखे अजैविक क्षार. हे धातूवर पटकन पातळ थर चढवतात. संरक्षण लगेच मिळतं, पण द्रव्य खर्च होत जातं. म्हणून दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरला बदला, असं सांगतात. परंपरेने हा हिरवा. तांबं-पितळेच्या रेडिएटरच्या जुन्या गाड्यांना हाच मानवतो.

दुसरा प्रकार जैविक आम्लांचा. हा सगळीकडे रंगरंगोटी करत बसत नाही, जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन काम करतो. त्यामुळे पाच वर्षंही टिकतो. जनरल मोटर्सने १९९०च्या मध्यावर 'डेक्स-कूल' हा नारिंगी कूलंट आणला तो या जातीचा. पाच वर्षं किंवा दीड लाख मैल, असं वचन होतं. पुढे अनेक मालकांच्या गाड्यांत चिखलासारखा गाळ आणि खराब झालेली गॅस्केटं निघाली, सामूहिक दावे झाले आणि शेवटी कंपनीने नुकसानभरपाईची तडजोड केली. यातून मेकॅनिक मंडळी एक गोष्ट शिकली. टिकाऊ कूलंट म्हणजे बॉनेट न उघडण्याचा परवाना नव्हे. पातळी खाली गेली आणि आत हवा खेळायला लागली की चांगलं रसायनही नासतं.

आता सर्वांत गमतीचा भाग. युरोपात पाणी बऱ्याच ठिकाणी कठीण, म्हणजे कॅल्शियमने भरलेलं. फॉस्फेट आणि कॅल्शियम भेटले की दगडासारखा थर बसतो. म्हणून युरोपच्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं आणि सिलिकेट ठेवलं. जपानी कंपन्यांना उलटा अनुभव, सिलिकेटमुळे वॉटर पंपाच्या सीलचा त्रास. त्यांनी सिलिकेट सोडलं आणि फॉस्फेट ठेवलं. म्हणजे फोक्सवॅगनचा कूलंट आणि सुझुकीचा कूलंट वेगळा का, याचं उत्तर अर्धं रसायनशास्त्रात आणि अर्धं भूगोलात आहे.

हा भूगोल आपल्या दारातही येतो. आपल्याकडे रस्त्यावर जास्त गाड्या जपानी-कोरियन वंशाच्या, म्हणजे फॉस्फेटवाल्या. आणि महाराष्ट्रात बोअरवेलचं पाणी पुष्कळ ठिकाणी कठीण. बादली पांढरी पडते ना, तेच. हे पाणी त्या कूलंटमध्ये मिसळलं की युरोपवाले ज्याला घाबरले, तो थर आपण स्वतःच्या हाताने बनवतो. म्हणून डिस्टिल्ड वॉटर. हे नखरे नाहीत, गणित आहे.

आणि रंग? रंग म्हणजे नुसता डाय. गळती दिसावी म्हणून घातलेला. कुठल्या रंगात काय असावं, असा कायदा नाही. फोक्सवॅगनचा जी११ निळसर हिरवा आणि जी१२ लाल, आणि हे दोन एकत्र केले तर तपकिरी गाळ होतो, हे खरं. पण दुसऱ्या कंपनीचा लाल म्हणजे जी१२ असं नव्हे. तेव्हा बाटली फिरवून मागचं वाचा. भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४ असं काही लिहिलेलं असतं. ते गाडीच्या पुस्तिकेशी जुळतं का, ते बघा.

जुन्या गाडीत बदलताना

आत काय आहे ते माहीत नसेल तर अंदाजाने वरून ओतू नका, सगळं काढून नव्याने सुरुवात करा. रिसेट मारा म्हणा ना.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना झाकण उघडलं तर दाब सुटतो, आतलं द्रव एका क्षणात उकळून तोंडावर येतं. भाजून घेण्याचा हा हुकमी मार्ग आहे. गार झाल्यावर खालचा प्लग किंवा पाइप काढून जुनं कूलंट कॅनमध्ये घ्या. जमिनीवर नाही, कॅनमध्येच. मग डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, गार करा, पुन्हा काढा. निघणारं पाणी नितळ होईपर्यंत हेच.

इथे एक हिशेब बहुतेक जण करत नाहीत. समजा तुमच्या गाडीत एकूण ४ लिटर मावतं. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनाच्या पोटात दीडएक लिटर धुण्याचं पाणी राहतंच. आता तयार फिफ्टी-फिफ्टी मिश्रण भरलंत तर अडीच लिटरच बसेल आणि आतलं प्रमाण ५० वरून ३१ टक्क्यांवर घसरेल. म्हणून कॉन्सन्ट्रेट आणा, आधी २ लिटर तेच भरा आणि उरलेल्या जागेत अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. प्रमाण बरोबर निम्मं.

भरल्यावर झाकण उघडं ठेवून, हीटर चालू ठेवून इंजिन चालू द्या. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तेव्हा वरचा पाइप अचानक गरम होतो आणि अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. पातळी भरा, झाकण लावा, दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पुन्हा तपासा. आठवड्यात पातळी परत उतरली तर कूलंटला दोष देऊ नका, गळती शोधा.

आणि कुणी म्हणालं, "थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी तापायचीच नाही," तर हात जोडून नाही म्हणा. त्याने इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

गोड चवीची दुसरी बाजू

आता त्या कॅनबद्दल. एथिलीन ग्लायकॉल गोड आहे आणि विषारी आहे. पोटात गेल्यावर यकृत त्याचं ऑक्सॅलिक आम्ल बनवतं, ते कॅल्शियमशी जुळून किडनीत काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक करतं. मांजराला एक-दोन चमचे पुरतात.

त्याचा सख्खा भाऊ डायएथिलीन ग्लायकॉल. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं गोड औषध त्यात विरघळवून विकलं गेलं. शंभरहून अधिक माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. त्यानंतर १९३८ मध्ये अमेरिकेत औषध विक्रीआधी सुरक्षितता सिद्ध करायला लावणारा कायदा झाला. जे तिथे घडलं ते आपल्याकडेही घडलं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंत प्रत्येक पायरीवरची हयगय उघड झाली. २०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधात ही दोन्ही ग्लायकॉलं सापडली, आणि तिथे पुन्हा लहान मुलंच गेली. औषधासाठीचं शुद्ध द्रव्य आणि कारखान्यातलं स्वस्त द्रव्य दिसायला सारखं, चवीला सारखं. तपासणी करणारा माणूस जागा असेल तरच फरक कळतो.

आपण औषधं बनवत नाही. पण गटारात किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात ओतलेलं हिरवंगार, गोड पाणी पिणारं कुत्रं आपल्याच सोसायटीचं असतं. आणि जुन्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं कूलंट एखाद्या लहान मुलाला सरबत वाटू शकतं. विषाची परीक्षा कुणाच्या जिवावर घ्यायची? म्हणून एवढं कराच. काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये, वर ठळक अक्षरात 'विष' लिहून, मुलांच्या हाताला न लागेल असं ठेवा आणि जळकं ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला विचारून तिथेच द्या. गॅरेजवाला करत असेल तर त्याला आधीच विचारा, "दादा, जुनं कुठे टाकणार?" सांडलं तर भरपूर पाण्याने धुऊन काढा. कुणाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा आणि बाटली बरोबर न्या. यावर औषध आहे, पण ते सुरुवातीच्या काही तासांतच नीट लागू पडतं.

तर लाल की हिरवं? पुस्तिकेत लिहिलेलं. पुस्तिका हरवली असेल तर गाडीच्या कंपनीचंच. आणि दोन्हीत मिसळायला डिस्टिल्ड वॉटर.

हा भाग आवडला असेल तर जुनी गाडी वापरणाऱ्या एखाद्या मित्राला पाठवा. पुढच्या भागात गाडीतलीच आणखी एक वस्तू घेऊ, बॅटरी. तोपर्यंत, काटा मध्यावर राहू द्या!